आवककाकांची एकच प्रत

सरकारी खिडकीत शेवटचा अर्ज दिलात, तेव्हा सही करण्याआधी तो पूर्ण वाचला होता का? खरं सांगा. बाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसाने लिहून दिला, तुम्ही सही केली आणि रांगेत उभे राहिलात, असंच झालं ना?

आमच्या तालुक्याच्या एका कचेरीत ते चालत नसे, कारण तिथे आवककाका होते. आलेला कागद नोंदवून त्यावर शिक्का मारायचा, एवढंच त्यांचं काम. पण शिक्का हातात धरून ते आधी म्हणत, “वाचून दाखवा.” समोर शेतकरी असो, मास्तर असो, नाहीतर वकील. वकील चिडायचे. “मला वाचता येतंय, काका!” “येतंय म्हणूनच म्हणायलोय. वाचा की.” ज्याला येत नसे त्याचा अर्ज ते स्वतः वाचत. खिडकीच्या गजांना तोंड लावून, मागच्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. रांग पायऱ्यांपर्यंत यायची. कुणी ओरडायचं, “आवं काका, बस जाईल माझी!” काका मान वर न करता म्हणायचे, “बस उद्या बी येती. शिक्का एकदाच बसतो.”

माझ्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मोर्च्याआधी ती सायकलवरून वाटत, आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह नसलं की मला अजून चुकल्यासारखं वाटतं. एका दुपारी काकांच्या रांगेत दोन तास उभा राहिलो आणि घरी येऊन पत्रक लिहिलं: ‘अर्ज घेता की परीक्षा!’ हा कारकून गरिबाला चारचौघांत वाचायला लावतो, त्याचा अडाणीपणा चव्हाट्यावर आणतो, असं त्यात होतं. ज्याला येत नाही त्याला ते स्वतः वाचून दाखवतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते लिहिलं नाही. त्या एका वाक्याने पत्रकाची धार गेली असती.

पत्रक गाजलं. साहेबांनी काकांना खिडकीवरून उठवून मागच्या रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. नवा माणूस न बघता शिक्के मारू लागला, रांग भराभर सरकू लागली. लोकांनी मला बोलावून चहा पाजला. मी तो प्यायलो.

निवृत्तीच्या दिवशी काका माझ्या दारात आले. भांडायला आले असतील म्हणून मी छाती काढून उभा राहिलो. त्यांनी कापडी पिशवीतून लाल पाठीचं जाडजूड रजिस्टर काढलं. “कादंबरी हाय. कचेरीची. मागच्या खोलीत बसून पुरी केली. एकच प्रत हाय. चुकलं असंल तर सांगा, लेखक.”

‘लेखक’मध्ये टोमणा होता का, ते मला आजवर कळलेलं नाही. कारकुनाने स्वतःचीच आरती ओवाळली असणार, असं मी धरून चाललो. “वाचतो,” म्हणालो. पंख्याच्या वाऱ्याने पत्रकं उडू नयेत म्हणून ते रजिस्टर गठ्ठ्यावर ठेवलं. दोन वर्षं ते तिथेच होतं.

या उन्हाळ्यात एकदा वीज गेली, पंखा थांबला, तेव्हा ते हातात घेतलं. उठलो तो संध्याकाळीच.

प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर आवक क्रमांक आणि ‘विषय’. फक्त साहेबांच्या डोक्यावर फिरणारा पंखा. बेल वाजली की अर्धा डबा झाकून उठणारी टंकलेखिका. स्वतःच्या रजेचा अर्ज द्यायला रांगेत सगळ्यांच्या मागे उभा राहणारा शिपाई. नायक नाही, खलनायक नाही, आवाज कुठेच चढत नाही, तरी वाचताना मान खाली जाते. मी त्या कचेरीवर इतकी पत्रकं लिहिली आणि त्यांत एकही माणूस नव्हता.

अकराव्या प्रकरणात तरुण कारकून एका विधवेचा अर्ज घेतो. जमिनीला वारस म्हणून नाव लागावं यासाठी ती आलेली. अर्ज दिराने लिहून आणलेला, खाली तिचा अंगठा. कारकून घाईत शिक्का मारतो. काही महिन्यांनी ती विचारायला येते, “माझं नाव लागलं का, दादा?” तो कागद काढून पहिल्यांदा वाचतो. त्यात लिहिलेलं असतं की ती आपला हक्क राजीखुशीने सोडते आहे. त्या दिवसापासून तो प्रत्येकाला म्हणतो, वाचून दाखवा.

शेवटच्या प्रकरणात एक पोरगा त्याच्याविरुद्ध पत्रक काढतो. ते पत्रक शब्दन् शब्द उतरवलं आहे. त्याखाली कारकुनाचं एकच वाक्य: ‘पोराची मराठी चांगली होती.’

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर घेऊन काकांच्या गावी, ताडकळसला गेलो. बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्याने घर दाखवलं. दारात काकू होत्या. काका हिवाळ्यातच गेले होते.

“तुमीच का ते पत्रकवाले? लय वाट बघितली त्यांनी तुमची. म्हणायलते, कामात असंल पोरगं.”

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी हात लावला नाही. “मला कुठं वाचता येतंय? अर्धी त्यांनी ऐकवली व्हती. फुडची तुमी वाचून दाखवा.”

मी ओसरीवर बसून वाचली. पत्रकापाशी आलो आणि थांबलो.

“थांबू नका.”

माझेच शब्द मी मोठ्याने वाचले. उद्गारचिन्हांसकट.

“हे तुमी लिवलं?”

“हो.”

“आन् ज्याला येत न्हाई त्याला ते सोता वाचून दाखवायचे, ते कुठाय यात?”

अकराव्या प्रकरणातल्या कारकुनासारखा मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला.

तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी कचेरीत जाल तेव्हा रांगेत कुणीतरी घडी घातलेला कागद मुठीत धरून उभं असेल. त्यांना विचारा, यात काय लिहिलंय ते ठाऊक आहे का? नसेल तर वाचून दाखवा. हळू, मागच्याला ऐकू जाणार नाही असं. तुमची बस जाईल. जाऊ द्या.