केशरी बाटल्या

समुद्रातलं एक सूक्ष्म शेवाळ खाऱ्या पाण्यात वाढवणं, हे माझं प्रयोगशाळेतलं काम. आम्हाला त्यातलं कॅरोटीन हे केशरी रंगद्रव्य हवं असतं. महिनाभर मी पाण्यातला खुराक सुधारत राहिले. शेवाळ हिरवंगार माजलं, पण केशरी रंग काही चढेना. शेवटी चार बाटल्यांचा नायट्रेटचा खुराक तोडला आणि त्या खिडकीतल्या उन्हात ठेवल्या. काही दिवसांत पाणी गाजराच्या रसासारखं झालं. मी हरखून गेले.

काचसामान धुणाऱ्या सुलभामावशींनी विचारलं, "उपाशी ठेवलंत म्हणून रंग आला?"

"हो. ऊन सोसेना झालं, की ते रंगाचं पांघरूण घेतं."

"आमचे हे गेले, तेव्हा सगळे म्हणायचे, बाई किती खंबीर!" मावशी हसल्या. "जेवलीस का, ते कुणी विचारलं नाही."

ज्याला मी तेज समजत होते, ते त्या जिवाचं भय होतं. तीन बाटल्या कॅरोटीनसाठी गेल्या. चौथीत मी गुपचूप नायट्रेट घातलं.

ती आता हिरवी होऊ लागलीय. काल मावशी तिच्यापाशी थांबून म्हणाल्या, "अंगी लागलं हो हिच्या."