कोरडी दरड

अप्लाइड फिजिक्समध्ये एम.टेक. करतेय म्हटलं की लोक आदराने गप्प बसायचे. मला मात्र ओरडावंसं वाटायचं. माझं सगळं एम.टेक. म्हणजे उमरठच्या अलीकडे, आमच्या वाडीमागच्या उतारात पुरलेले चार सेन्सर आणि त्यांना जोडलेला, नोंदी कॉलेजात धाडणारा एक डबा. पावसात माती किती पाणी पिते हे मोजलं की दरड कधी सुटेल याचा अंदाज बांधता येतो. एका पावसाळ्याच्या धड नोंदी मिळाल्या तर प्रबंध, नाहीतर वर्ष वाया. गाईड मला हे दर सोमवारी ऐकवत.

जमीन घरचीच, म्हणून राखणीला काका. वडिलांचा धाकटा भाऊ, जन्मभर भात लावलेला. कॉलेजला परत निघताना मी बजावलं, "काका, याला जप. माझी डिग्री हाय ती."

"तू जा गो, मी हाय."

पाऊस लागला. महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरल्याचे फोटो मोबाईलवर येत होते आणि माझा ग्राफ सांगत होता, आमची दरड कोरडी ठणठणीत! मी कोड तपासला. मग कॅलिब्रेशन पुन्हा केलं. सेन्सर बनवणाऱ्याला फोनवर शिव्या द्यायच्याच तेवढ्या बाकी ठेवल्या. काकाला रोज विचारायची, "डबा ठीक हाय ना?" तो रोज म्हणायचा, "एकदम झकास."

पाच आठवडे असे गेल्यावर गाईड म्हणाले, "जाऊन डोळ्यांनी बघा." डोळ्यांनी! एवढं साधं मला सुचू नये? पोलादपूरला एसटी बदलली, वाडीखाली उतरले आणि भिजत वर चढले.

डब्यावर, सेन्सरवर, आजूबाजूच्या पाच-सहा हात जमिनीवर निळी ताडपत्री ताणलेली. कडेला दगड. वरच्या अंगाला चर खणून सगळं पाणी ओढ्याकडे काढून दिलेलं. पावसाळ्यात घराभोवती करतात तसं, अगदी निगुतीने.

"काका, अरे हे काय केलंस?"

"भिजलं असतं ना गो. एक थेंब नाय जाऊ दिला आत."

मी नाही नाही ते बोलले. अडाणी म्हणाले. सेन्सर कशासाठी आहेत हे त्याला एका शब्दाने सांगितलं नव्हतं, आणि तरी म्हणाले. काकाने ताडपत्री सोडली, घडी केली आणि गोठ्यावर नेऊन बांधली. ती तिथलीच होती. पाच आठवडे खाली म्हैस भिजत उभी होती.

परतीच्या पावसाने हात दिला आणि कशाबशा पुरेशा नोंदी मिळाल्या. हुकलेल्या आठवड्यांचा खुलासा द्यावा लागणार होता. गाईड म्हणाले, एक ओळ पुरे: 'स्थानिक व्यक्तीच्या हस्तक्षेपामुळे नोंदी निरुपयोगी.' मी तीच इंग्रजीत टाइप केली. वाद घालायचं त्राण नव्हतं आणि डिग्री हवी होती. आभाराचं पान गाईड, विभागप्रमुख आणि प्रयोगशाळेतल्या लोकांनीच भरलं.

बांधलेली प्रत घरी नेली. काकाने हात धुतले, पुसले, मगच ती मांडीवर घेतली. उताराचा फोटो त्याने लगेच ओळखला.

"मी हाय काय गो यात?"

"हाय," मी म्हटलं.

"कुठं?"

मी पान काढून ती ओळ दाखवली. त्या ओळीवरून त्याने सावकाश बोट फिरवलं आणि काकीला हाक मारली, "अगो, हिकडं ये. बघ, माझं छापून आलंय."