मागे बसून बोलायचं नाही

बेंगळुरूचा विमानतळ बेंगळुरूत नाही, देवनहळ्ळीजवळ आहे, हे मला उतरल्यावर कळलं. टॅक्सीतून द्राक्षांचे मळे दिसले, त्यांना खेटून आखलेले प्लॉट दिसले आणि नंतर दोन तास नुसत्या गाड्या. नाशिकच्या माणसाला परगावची द्राक्षं आंबटच वाटतात, म्हणून मी देवनहळ्ळीकडे धड बघितलंही नाही.

माझा व्यवसाय माहितीपुस्तिका लिहिण्याचा. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीने एक साधन बनवलं होतं. मोबाइलचे खेळ बनवणाऱ्याने ते आपल्या खेळात जोडलं, की खेळणाऱ्याला आपली जीत ओळखीच्यांना कळवता येते. ते कसं जोडायचं, हे मी आठवडाभरात लिहून द्यायचं होतं.

मैत्रिणीच्या ओळखीने जयनगरला अक्कांकडे उतरले. साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घराण्यातल्या अक्का सत्तरीच्या होत्या. त्यांच्या मराठीत कन्नड चांगलंच मुरलेलं. पहिल्याच दिवशी मी लॅपटॉप उघडला, तर म्हणाल्या, "ते स्वल्प (थोडं) बाजूला ठेव. आधी ऊटा (जेवण), मग लिहिणं."

पानात हुळी (आंबट वरण), भात आणि शेवटी सोललेलं पपनस. पपनस इतकं गोड असतं हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं.

"शांताच्या झाडाचं," अक्का म्हणाल्या. "माझी धाकटी बहीण, देवनहळ्ळीला असते. दर वर्षी दोन पाठवते. एक आम्हाला, एक आल्यागेल्याला."

अक्कांचा मुलगा रघू याने नोकरी सोडून चौकाबाऱ्याचा खेळ बनवला होता. चौकाबारा म्हणजे कवड्या टाकून खेळायचा इकडचा जुना डाव. माझं काम ऐकून तो हरखला. आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. पुस्तिका झाली, की बाहेरच्या माणसाने फक्त ती वाचून साधन जोडायचं आणि लिहिणाऱ्याने मागे बसून बघायचं. तोंड उघडायचं नाही. माणूस अडखळला, चुकला, तरी नाही. वहीत टिपायचं फक्त. मी रघूला चाचणीला बसशील का विचारलं. नीट झालं तर त्याचा खेळ पुस्तिकेच्या पहिल्या पानावर उदाहरण म्हणून द्यायला कंपनी तयार होती. खेळायलाही कुणीतरी हवं होतं, तेव्हा मीच अक्कांना म्हटलं, "शनिवारी तुम्ही बसाल का?"

त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, "शनिवारी एका ठिकाणी जायचं होतं. राहू दे. मुलाचं काम आहे."

कुठे जायचं होतं, ते मी विचारलं नाही.

शनिवारी रघूने पुस्तिका उघडली. पहिल्या पानावर तयार नमुना होता, तो त्याने तसाच उचलून खेळात चिकटवला. त्या नमुन्यात जीत आपोआप फोनमधल्या सगळ्या नावांना जाण्याची सोय चालू होती. ऑफिसात दाखवायला ते सोपं पडायचं, कारण तिथल्या फोनमध्ये सगळी खोटी नावं. खेळणाऱ्याला विचारल्याशिवाय काही पाठवू नका, ही सोय आधी बंद करा, असं मी बजावून लिहिलं होतं. पण तिसऱ्या पानावर. रघू तिथवर गेलाच नाही.

मी वहीत लिहिलं: तिसरं पान वाचलं नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पुस्तिकेतली एवढी मोठी चूक सापडली होती. हा फोन अक्कांचा, त्यातली नावं खरी, हे क्षणभर मनात आलं होतं. रिवाज मोडायला नको म्हणून मी गप्प बसले.

अक्का रंगात येऊन चार तास खेळल्या आणि सात डाव जिंकल्या.

संध्याकाळी फोन आला. अक्कांनी बराच वेळ ऐकून घेतलं, "सरी (बरं)" म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला.

"शांता होती," त्या म्हणाल्या. "आज तिच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध. मी अंगात ताप आहे म्हणून कळवलं होतं. पानं वाढली तेव्हा माझी जीत तिच्याकडे पोचली. एकदा नव्हे, सात वेळा."

रघूने सोय बंद केली, मावशीला फोन लावला. तिने उचलला नाही. रात्री अक्का जेवल्या नाहीत, आणि मला ऊटा म्हणून हाकही आली नाही.

परतीच्या दिवशी मी टॅक्सी देवनहळ्ळीत वळवली. जुन्या किल्ल्यामागे शांताबाईंचं घर आणि दारात ते पपनसाचं झाड. मी कोण ते सांगितलं. चूक माझी, मीच अक्कांना ठेवून घेतलं, हेही सांगितलं. त्यांनी कॉफी दिली, सगळं ऐकलं.

"मुलासाठी राहिली ते बरोबर केलं," त्या म्हणाल्या. "तसं म्हणाली असती तर मीच राहा म्हटलं असतं. ताप आहे म्हणाली, म्हणून मी तिच्या नावाचा डबा भरून ठेवला होता, पोचवायला." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तू तेव्हा मागेच बसली होतीस ना?"

"हो."

"तुला दिसत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

आमच्यात बोलत नाहीत, असं काहीतरी मी पुटपुटले. त्या वयस्क बाईसमोर ते शब्द फार लाजिरवाणे वाटले.

निघताना त्यांनी झाडावरचं एक पपनस काढून माझ्या हातात दिलं. "पाहुणी आलीस, रिकामी कशी पाठवू?" झाडावर अजून पुष्कळ होती. अक्कांसाठी एक द्या, रघू येऊन नेईल, एवढं म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला आणि मी नमस्कार करून निघाले.

नाशिकला येऊन पुस्तिका दुरुस्त केली. आता पहिल्या ओळीतच लिहिलंय: आधी खेळणाऱ्याला विचारा. कंपनीला ती आवडली. रघूचा खेळ पहिल्या पानावर आला. वर्ष उलटलं. परवा त्याचा फोन आला होता, मी मावशीचं विचारलं. "यंदा पपनसं आली नाहीत, ताई," तो म्हणाला.

मी तेव्हा आणलेलं पपनस गोडच निघालं होतं. घरच्यांनी विचारलं, कुठून आणलंस? बेंगळुरूहून, एवढंच सांगितलं.