लांडग्याचा वाटा

निंगप्पा आमच्या मंद्रूपचा मेंढपाळ. जिभेने तिखट, पण मेंढरांवर पोटच्या पोरांसारखी माया. मेलेलं मेंढरू त्याने कधी पुरलं नाही. माझ्या शेताला लागून माळ आहे, तिथल्या खडकावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या रं, तुमचा वाटा." बापजाद्यांची रीत. आधी लांडगे, मग घारी, कावळे, शेवटी मुंग्या आणि किडे. चार दिवसांत नुसती हाडं उरायची आणि पावसाळ्यात खडकाभोवती गुडघाभर गवत यायचं.

गेल्या वर्षी लांडग्याने त्याचा लाडका एडका मारला. निंगप्पाचं डोकंच फिरलं. उरलेल्या धडावर त्याने उसाला टाकायचं दाणेदार विष ओतलं, अख्खा पुडा. बायको केराबाई ओरडली, "अवं, वाट्याला इख लावू नगा!" पण ऐकतो कोण?

आठवडाभरात लांडगा मेला. लांडगी मेली. घारी, कावळे, मातीतल्या मुंग्यासुद्धा. मी त्याला नको नको ते बोललो. तो हसून म्हणाला, "आता सुखानं झोपतो की."

महिन्याने एक मेंढी मेली. रीतीप्रमाणे खडकावर ठेवली. नवव्या दिवशी मी पाहिलं, तर होती तशीच. फुगलेली, डोळे उघडे. वर आभाळात काही फिरत नव्हतं, खाली काही सरकत नव्हतं. मला माझ्याच चपलांचा आवाज नकोसा झाला आणि मी चक्क पळालो.

पाऊस झाला, खडकावरची घाण खालच्या डबक्यात उतरली. ते पाणी पिऊन आणखी मेंढरं मेली. "मेंढरं पुरून टाक की आता," मी खेकसलो. तो म्हणाला, "वाटा मातीत पुरला तर घेनारं परत येत न्हाईत." खडकावर अकरा झाली. सगळ्यांचे डोळे उघडे. कळप निम्म्यावर आला आणि निंगप्पा जेवेनासा झाला.

परवा संध्याकाळी त्याने सगळ्यात गुबगुबीत कोकरू उचललं आणि खडकापाशी खुंटीला बांधलं.

"अरे, वेड लागलं का तुला?"

"जित्त्याच्या वासानं तरी येतील की."

सकाळी आम्ही दोघे गेलो. कोकरू जिवंत होतं. अंगावर साधा ओरखडा नव्हता. धन्याला बघून ते शेपूट हलवत ओरडू लागलं. निंगप्पा त्याच्यासमोर मटकन बसला आणि ढसाढसा रडला.