बॅटरीशिवाय नाही म्हणजे नाही

धुळ्याची दिपमाला सर्व्हर दुरुस्त करते, ही गोष्ट नरडाण्याच्या जिनिंगवाल्या प्रेमराजभाऊंच्या गळी अजून उतरली नव्हती. दोन वर्षं तीच येत होती, तरी दर वेळी ते तिच्या पाठीमागे डोकावून विचारत, "सोबत कोणी नाही?"

"मी आलेय ना, भाऊ."

या वेळी विचारलंही नाही. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि वजनकाट्यावर एक पावती निघायला चार मिनिटं लागत होती.

"आज झालं नाही तर नाशिकचा माणूस लावतो. मग तू येऊच नको."

दिपमालाने डिस्क तपासल्या. चारही ठणठणीत. मग त्यांना एकत्र सांभाळणाऱ्या रेड कार्डाच्या नोंदी उघडल्या. कार्डावरची बॅटरी मेली होती! कार्ड एरवी नोंद आपल्या मेमरीत झेलतं, मग सवडीने डिस्कवर उतरवतं. मधेच वीज गेली तर बॅटरी ती नोंद जिवंत ठेवते. बॅटरी गेल्यावर कार्डाने झेलणंच सोडलं होतं. प्रत्येक नोंद थेट डिस्कवर, म्हणून ही रखडपट्टी.

आणि नोंदींप्रमाणे रोज संध्याकाळी सव्वासहाला सर्व्हर धाडकन बंद पडत होता.

"सव्वासहाला काय होतं इथं?"

काट्यावरचे सुकदेव आबा छाती काढून म्हणाले, "मेन मी पाडस! रुईले आगनं भ्याव शे, माय. बावीस वरीसमा एक ठिणगी नै पडनी."

"यूपीएससुद्धा?"

"बठ्ठं!"

तिला हसू आवरेना. सर्व्हर आल्यापासून तीन वर्षं ती इवलीशी बॅटरी रोज रात्रभर नोंदी कवटाळून बसली होती; मरणारच.

"बॅटरीशिवायही वेग वाढवता येतो म्हणे," प्रेमराजभाऊ म्हणाले.

"येतो. एक टिचकी मारायची."

"मग मार!"

"नाही मारणार. वीज गेली की मेमरीतली वजनं गेली. लोकांचा कापूस घेतल्याचा पुरावा कुठून आणाल?"

"आज मेन पाडत नाही."

"आणि गावची लाइट तुमचं ऐकते? यूपीएस दहा मिनिटं दम धरतो."

"माझी मिल आहे, पोरी!"

"मिल तुमची. वजनं त्यांची." तिने खिडकीबाहेर हात केला. मग कागद ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्यानेच वाचलं, "नोंदी गेल्यास जबाबदारी मालकाची. करा सही, लगेच टिचकी मारते."

खिडकीबाहेरचे चार-पाच जण आत बघायला लागले. प्रेमराजभाऊंनी पेन उघडलं, कागद दोनदा वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

"सुकदेव, हाताचं पावतीपुस्तक काढ." मग तिच्याकडे न बघता, "बॅटरी कधी येईल?"

"परवा. सर्व्हरला वेगळी लाइन लागेल. तो आधी नीट बंद करायचा, मगच त्याची लाइन पाडायची. आबा, शिकाल ना?"

"शिकसू ना, माय!"

"आणि नाशिकच्या माणसाला काय सांगू?" भाऊ गुरगुरले.

"बोलवा खुशाल. त्याने टिचकी मारली, तर सही त्याची घ्या."

तिने बॅग उचलली. "परवा सकाळच्या गाडीने येते. एकटीच."