उरलेले थेंब

"डोळा मिटू नको वं, जीव नाही घेत मी तुझा!" असं म्हणत काकू समोरच्या बाईची पापणी अंगठ्यानं खाली ओढायच्या आणि नेमका एक थेंब आत सोडायच्या. पुरुष असला तर 'वं'चा 'रे' व्हायचा, एवढाच फरक. सत्तरीचा म्हातारासुद्धा त्यांच्यापुढे लहान पोरासारखा मान वर करून बसायचा.

आमच्या बुऱ्हाणपुरात, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत, कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की घरात पहिली पंचाईत तीच: थेंब कोण टाकणार? मुलगा लूमवर, सून सुताच्या कांड्या भरायला, म्हाताऱ्याचा स्वतःचा हात कापतो. मग काकूंना बोलावणं जायचं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल बघा, जिला कोणी नेमलेलं नसतं, पण तिच्यावाचून सगळ्यांचं अडतं.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर तपासते, डोळ्यांचं प्रेशर मोजते. दिवसभर "हनुवटी टेकवा, समोर बघा, हलू नका" करून जीव मेटाकुटीला येतो. घरी परतताना काकू ओट्यावरून हाक मारणारच, "आज कितीक मोत्ये काढले वं तुझ्या साहेबानं?" मला तर दवाखान्याचं नावही नको असायचं. "काकू, घरात तर जाऊ द्या!" मी वैतागायचे. त्या हसायच्या आणि चहा टाकायला उठायच्या.

काकू कोणाकडून पैसा घेत नसत. म्हणून थेंबांचा कोर्स संपला की लोक उरलेली बाटली त्यांनाच देऊन टाकायचे. महागाचं औषध, फेकायला जीव होत नाही. त्या बाटल्यांचं काकू पुढे काय करतात, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

मग काकूंचा खांदा दाराच्या चौकटीला धडकायला लागला. शेजारून कोणी गेलं की दचकायच्या. "मोत्या पिकला असेल," त्या म्हणाल्या, "काढू, फिकर कशाची?" मी त्यांना दवाखान्यात नेलं. प्रेशरचा आकडा बघून मला वाटलं, मशीनच बिघडलं. पुन्हा मोजलं. तोच आकडा.

डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही टाकता का डोळ्यांत?"

काकूंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि मोठ्या ऐटीत उघडला. आत बाटल्याच बाटल्या. "भारीवालं औषध आहे साहेब, ऑपरेशनवालं. सुताची भुकटी जाऊन खाज सुटते ना, एक थेंब टाकला की आंख एकदम थंडी. किती सालांपासून टाकते."

डॉक्टरांनी डबा बंद केला. त्या थेंबांत सूज उतरवायचं स्टेरॉइड होतं. ऑपरेशननंतर थोडे दिवस ते हवंच असतं. पण असं वर्षानुवर्षं टाकलं तर काहींच्या डोळ्यांचं प्रेशर वाढतं आणि मागची नस सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही, आधी कडेचं दिसणं जातं. काचबिंदू.

"मग काढून टाका ना," काकू म्हणाल्या.

"हा काढता येत नाही, माई. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखू आपण."

रिक्षात बसल्यावर त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "गल्लीत सांगू नको वं, बाटल्यांनी झालं म्हणून. रडत बसतील त्या बाया. प्रेमानं देत होत्या."

माझं डोकंच फिरलं. "अहो, इथं तुमचे डोळे चालले आणि तुम्हाला त्यांची पडलीय?" ओरडता ओरडता मलाच रडू फुटलं. रिक्षावाला आरशातून बघत राहिला. गल्लीत मी एवढंच सांगितलं की उरलेलं औषध फेकून देत जा, कोणाला देऊ नका.

प्रेशर उतरवायचे दुसरे थेंब सुरू झाले. त्यानं भागेना, म्हणून इंदूरला ऑपरेशन झालं. प्रेशर आटोक्यात आलं, पण नजर बांगडीतून बघावं एवढीच उरली. समोरचं दिसायचं, कडेचं काहीच नाही. बाटली धरायचा अंदाज चुकू लागला, थेंब लोकांच्या नाकावर पडू लागले. कोणी वाईट बोललं नाही. नुसतं बोलावणं बंद झालं. काकू तशाच ओट्यावर बसून असायच्या आणि मला ते बघवत नसे. थकून आलेल्या माणसाला आणखी किती सोसवणार?

शेवटी खंडव्याला राहणारा त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला. मी दवाखान्यातून तासाभराची सुट्टी काढून बस स्टँडवर धावत गेले. काकू खिडकीशी बसल्या होत्या, मान ताठ, समोर बघत. मुलगा त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर सामान लावत होता. मी खिडकीखाली, हाताच्या अंतरावर उभी राहिले. हाक मारण्याआधी खिडकीचा गज धरून मी दम घेऊ लागले.

काकू समोरच बघत मुलाला म्हणाल्या, "ती आली नाही रे. राहू दे. दवाखान्यात दमते बिचारी."