केरळात उलटं मिटलेलं पान

लेक गेली त्यानंतर मी देवापुढे हात जोडले नव्हते. पुण्यात नोकरीला होती, डेंग्यूचं निमित्त झालं आणि आमची एकुलती एक पोर हातची गेली. दर रामनवमीला न चुकता जांब समर्थला रामाच्या दर्शनाला जाणारी मी, पण घरच्या देवाचा दिवासुद्धा यांच्यावर सोपवून टाकला. राग होताच. त्याहून वाईट म्हणजे रडू येत नव्हतं. छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं आणि आता जन्मभर असंच राहायचं की काय, याची भीती वाटायची.

आम्हाला केरळ दाखवायचं हे तिचंच ठरलेलं. मी नको म्हटलं, तर हे म्हणाले, "पोरीनं हौसेनं ठरवल्तं. आपण न्हाई गेलो तर तिला बरं वाटंल का?" मी पिशव्या भरायला घेतल्या. तीर्थपुरीहून निघालो ते धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून, जणू केरळात कुणी जेवतच नाही. मुन्नारचे चहाचे मळे पाहिले, कोचीचा जुना राजवाडा पाहिला, होडीतून फिरलो. एवढं हिरवं आमच्या जालन्याकडे श्रावणातही दिसत नाही. पण जे जे सुंदर दिसे ते तिच्याविना पाहतोय, याचाच त्रास होई.

अलेप्पीजवळच्या एका लहानशा देवळात दुपारी केळीच्या पानावर प्रसादाचं जेवण होतं. यांच्या आग्रहाखातर मी पंगतीत बसले, दोन-चार घास कसेबसे गिळले. बाकीचे पानं मिटायला लागले तसं मीही मिटलं, आपल्याकडची कड उचलून पलीकडे. वाढणाऱ्या एक आजी थबकल्या. शेजारी बसलेल्या आमच्या ड्रायव्हरने हिंदीत समजावलं की इथे जेवून तृप्त झालं की पान स्वतःकडे मिटतात. असं पलीकडे मिटतात ते माणूस गेल्यानंतरच्या जेवणात. चूक सुधारायला आजी वाकल्या. मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या," म्हटलं, मराठीतच.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हातातलं भांडं खाली ठेवून माझ्याजवळ जमिनीवर बसल्या आणि पाठीवर हात ठेवला. भरल्या पंगतीत मी हमसून हमसून रडले. हेही रडले. आजी जागच्या उठल्या नाहीत. रडू ओसरल्यावर वाटीत पायसम, म्हणजे आपली खीरच, आणून दिलं आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

हा योगायोग नव्हता, हे मला कुणाला पटवायचं नाही. परक्या मुलखात, ओळख ना पाळख, त्या माऊलीला देवानेच पाठवलं असं मी मानते आणि मनातल्या मनात रोज तिच्या पाया पडते. लेक का नेली याचं उत्तर मला मिळालं नाही. ते मिळाल्याशिवाय हात जोडायचे नाहीत, हा हट्ट मात्र तिथेच गळून पडला. निघताना गाभाऱ्यासमोर उभी राहिले. देव कोणता, तेही विचारलं नव्हतं. हात जोडून "पोरीला सांभाळ" एवढंच म्हटलं. ती होती तेव्हाही मी रोज हेच म्हणत होते.